नेटवर्किंग ग्रुपमध्ये नव्याने येताय? आधी एवढं समजून घ्या

बिझनेस नेटवर्किंग ग्रुप म्हणजे एकमेकांना काम मिळवून देण्यासाठी नियमित भेटणाऱ्या व्यावसायिकांचा गट. अशा ग्रुपमध्ये नवा मेंबर आला की त्याच्या हातात नियमांचं पत्रक पडतं. मीटिंग कधी, फी किती, गैरहजेरी किती चालते, सगळं त्यात असतं. वागायचं कसं हे मात्र कुणी शेजारी बसवून सांगत नाही. हळूहळू कळेल, असं सगळे धरून चालतात. कळतंही, पण तोवर सहा-आठ महिने निघून जातात. तेवढ्यात मेंबर एक तर कंटाळून सोडून जातो, नाही तर 'हा फक्त घ्यायला आलाय' असं त्याच्याबद्दल मत होऊन बसतं. मग ते मत पुसता पुसत नाही. आमच्या ग्रुपमध्ये नव्या मेंबरांची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यांना मी जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा. कुणी तुम्हाला रेफरन्स देतो तेव्हा तो आपल्या ओळखीच्या, कधी नात्यातल्या माणसाकडे तुमच्यासाठी शब्द टाकतो. तुम्ही काम बिघडवलंत तर तुमचं एक गिऱ्हाईक जाईल, पण त्याचे वर्षानुवर्षांचे संबंध नासतील. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

फी भरण्याआधी

कुठल्या प्रकारच्या संस्थेत शिरतोय ते नीट बघा. पुण्याचं मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना १९३४ पासून आहे. अशा चेंबरचं मुख्य काम उद्योगांचे सामाईक प्रश्न सरकारदरबारी मांडणं, प्रशिक्षण आणि माहिती देणं हे असतं. तिथे दर आठवड्याला काम मिळेल या अपेक्षेने गेलात तर तुमची निराशा होणार. रोटरीसारख्या क्लबात सेवाकार्य आधी येतं. गंमत म्हणजे १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरी सुरू केली तेव्हा एका व्यवसायाचा एकच सदस्य आणि आपापसांत व्यवहार, असाच तिचा सुरुवातीचा रिवाज होता. बैठकाही आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, त्यावरूनच ते नाव पडलं. पुढे रोटरी सेवेकडे वळली. 'एका धंद्याला एक खुर्ची' ही पद्धत आजचे नेटवर्किंग ग्रुप पाळतात. बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) १९८५ मध्ये अमेरिकेत आयव्हन मिसनर यांनी सुरू केलं, तिथे हाच नियम आहे. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला. तुकोबांच्या 'एकमेकां साह्य करू, अवघे धरू सुपंथ' या ओळीच्या धर्तीवर 'एकमेकां साहाय्य करू, अवघे होऊ श्रीमंत' हे ब्रीद त्यांनी घेतलं. काम मागायला आणि पैशाबद्दल मोकळेपणाने बोलायला आपला माणूस फार संकोचतो. ते ब्रीद हा संकोच थेट मोडतं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

पाहुणा म्हणून किमान दोन वेगवेगळ्या ग्रुपच्या मीटिंगला जा. नाश्ता आणि टाळ्या बाजूला ठेवून मेंबर एकमेकांबद्दल काय बोलतात तिकडे कान द्या. 'यांनी माझ्या मेव्हण्याचं काम वेळेत पूर्ण करून दिलं' अशी वाक्यं ऐकू आली तर तो ग्रुप खरा. नुसता 'फार छान माणूस, फार छान सर्व्हिस' असा जप चालला असेल तर जरा थांबा. आणि पाहुणे म्हणून गेलात त्या दिवशी काही विकू नका. कुणी विचारलं तर काय करता ते सांगा, कार्ड द्या, बस्स.

सीए, वकील किंवा डॉक्टर असाल तर आधी आपल्या व्यवसायाचे नियम उघडून वाचा. काम मागत फिरणं, रेफरन्सचं कमिशन देणं-घेणं यावर या तिन्ही व्यवसायांत बंधनं आहेत. वकिलांना काम मिळवण्यासाठी जाहिरात किंवा मागणी करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत बसत नाही. अशा ग्रुपचं सभासद व्हावं का, झालो तर तिथे काय बोलावं, हे ज्याने त्याने आपल्या संस्थेकडून पक्कं करून घ्यावं. बाकीच्या मेंबरांनीही डॉक्टरला 'आमचं कमिशन किती?' असं थट्टेतसुद्धा विचारू नये.

मीटिंगला येताना

सातची मीटिंग म्हणजे पावणेसातला हॉलमध्ये. खरं बोलणं त्या पंधरा मिनिटांतच होतं. मीटिंग सुरू झाली की सगळं घड्याळावर चालतं. दर वेळी त्याच दोन मित्रांच्या शेजारी बसायची सवय लावून घेऊ नका. नवे मेंबर ओळखीच्याला घट्ट धरून बसतात आणि तीन महिन्यांनी निम्म्या लोकांची नावंही त्यांना सांगता येत नाहीत.

येता येणार नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा आणि बदली माणूस पाठवा. बदली माणसाला तुमच्या धंद्याबद्दल दोन वाक्यं नीट बोलता आली पाहिजेत, म्हणून भाच्याला झोपेतून उठवून पाठवू नका. ग्रुपच्या नियमांत सहा महिन्यांत तीन गैरहजेऱ्या चालत असतील, तर त्या आजारपण आणि अडचणीसाठी शिल्लक ठेवा. पावसात लोकल बंद पडली, घरात कार्य निघालं, असं होतच असतं. पण जो ठरलेल्या दिवशी सकाळी ठरलेल्या जागी येत नाही, तो गिऱ्हाइकाच्या साइटवर वेळेवर पोचेल असं लोकांनी कशावरून मानायचं?

दुसरा बोलत असताना मोबाइल खाली ठेवा. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

एका मिनिटात काय बोलायचं

बहुतेक ग्रुपमध्ये ओळख करून द्यायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. नवा मेंबर त्यात आपल्या सगळ्या सेवा कोंबतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यातलं काहीच राहत नाही.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. 'आम्ही घरगुती, कमर्शियल, इंडस्ट्रियल सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामं करतो, कोणाला काही काम असेल तर जरूर सांगा.' हे ऐकून चाळीस जण मान डोलावतील आणि एकालाही कुणाचं नाव आठवणार नाही. तोच माणूस पुढच्या आठवड्यात म्हणाला, 'मुलुंड-भांडुप भागातल्या तीस वर्षांहून जुन्या सोसायट्यांचे सेक्रेटरी मला भेटायचे आहेत. मीटर रूममधलं वायरिंग तेव्हाचं आहे आणि आता घरोघरी दोन-दोन एसी लागलेत. केबल गरम होते, मेन फ्यूज उडतो. अशा सोसायटीची मीटर रूम मी फुकट तपासून लेखी अहवाल देतो.' आता ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपली सोसायटी, सासऱ्यांची सोसायटी, ऑफिसची इमारत आठवते. मीटिंग संपेपर्यंत दोघे-तिघे त्याच्या टेबलाशी उभे असतात.

दर आठवड्याला एकच मागणी, नेमकी. माणसाचं, कंपनीचं किंवा हुद्द्याचं नाव घेऊन सांगितलीत तर आणखी बरं. घंटा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी बसा. पुढच्या मेंबरचे दहा सेकंद तुम्ही खाल्लेत हे सगळ्यांच्या लक्षात येतं. स्पर्धकाला नावं ठेवणं पूर्ण वर्ज्य. तो बाहेर असला तरी त्याचा कुणीतरी भाऊबंद त्या हॉलमध्ये बसलेला असतोच.

कार्ड मिळालं की वाचा, मग खिशात ठेवा, आणि त्याच दिवशी मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करताना नावापुढे धंदा आणि गाव लिहा. मिळालेला प्रत्येक नंबर आपल्या जाहिरातीच्या ब्रॉडकास्टमध्ये टाकायचा मात्र नाही. मेंबरने नंबर ओळखीसाठी दिलेला असतो, तुमच्या ऑफरच्या पोस्टरसाठी नव्हे.

वन टू वन: खरं काम इथे होतं

नव्या मेंबराने पहिल्या तीन महिन्यांत काय करावं असं मला कुणी विचारलं तर मी एकच उत्तर देतो: लोकांच्या कामाच्या जागी जा. वन टू वन म्हणजे मीटिंगबाहेर दोनच मेंबरांची भेट; कॅफेत बसून झालेली वन टू वन निम्मीच असते. गाळ्यात, वर्कशॉपमध्ये, किचनमध्ये, साइटवर जा.

कोरुगेटेड बॉक्स बनवणाऱ्या एका मेंबराच्या वसईच्या गाळ्यावर मी गेलो होतो. मीटिंगमध्ये तो दर आठवड्याला 'पॅकेजिंग' म्हणायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसतं खोकं यायचं. गाळ्यात त्याने तीन प्लाय आणि पाच प्लायचे, म्हणजे तीन आणि पाच थरांच्या पुठ्ठ्याचे, तुकडे हातात दिले, वाकवून बघा म्हणाला. पाचाचा तुकडा वाकतच नव्हता. कागदाचे रोल, डिंकाचा वास, छपाईचे ब्लॉक ठेवलेली मांडणी, सगळं बघितलं. थोड्या नगांची ऑर्डर त्याला का परवडत नाही तेही कळलं, कारण प्रत्येक नव्या मापासाठी मशीन थांबवून सेटिंग बदलावं लागतं. घरगुती मसाले विकणाऱ्या ताईंना त्याच्याकडे पाठवण्यात अर्थ नाही, आणि पंप बनवणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाला नक्की आहे, हा उलगडा तिथे उभं राहिल्यावर झाला. पुढचा रेफरन्स मी दिला तो बरोबर लागला.

म्हणून अशा भेटीत विचारायचे प्रश्न साधे ठेवा. कुठलं काम घ्यायला आवडतं, कुठलं नको असतं? गिऱ्हाईक बहुतेक कुठून येतं? दर कसा ठरतो? तुमच्यासाठी शब्द टाकायचा झाला तर मी नेमकं काय सांगू? अर्धा वेळ त्याचा, अर्धा तुमचा. भेटीत विमा पॉलिसी, प्लॉट किंवा साखळी विक्रीची योजना पुढे करू नका. त्याने तुम्हाला आपला वेळ दिलाय तो ओळख वाढवायला.

रेफरन्स देताना

कुणाचा नंबर न विचारता पुढे पाठवू नका. 'हा घ्या नंबर, यांना इंटिरियर करायचंय, माझं नाव सांगा' याला मी रेफरन्स मानत नाही. ज्याचा नंबर दिलात तो वैतागतो आणि ज्याला दिलात तो अनोळखी फोन करून शिव्या खातो. आधी गिऱ्हाइकाला विचारा. साधा मेसेज पुरतो:

'नमस्कार काका. मागे तुम्ही गच्चीच्या गळतीबद्दल म्हणाला होतात. आमच्या ग्रुपमधले एक जण वॉटरप्रूफिंग करतात. आमच्या बिल्डिंगची गच्ची त्यांनीच केली, दोन पावसाळे झाले, गळती नाही. तुमचा नंबर त्यांना देऊ का? संध्याकाळी सहानंतर फोन केला तर चालेल ना?'

काकांचा होकार आला की मग मेंबरला कळवा: कोण, काम काय, किती घाई आहे, फोन कधी करायचा, आणि काकांना दरात घासाघीस करायची सवय असेल तर तेही. ज्याचं काम स्वतः पाहिलेलं नाही त्याबद्दल तसं स्पष्ट सांगा. 'माणूस वेळेचा पक्का आहे, काम मी अजून पाहिलेलं नाही' हे वाक्य बोलायला काही हरकत नाही. टार्गेट भरायला म्हणून खोटे किंवा अर्धवट रेफरन्स चिठ्ठीवर लिहू नका. त्याने आकडा वाढतो आणि समोरच्याची दोन तासांची चक्कर फुकट जाते.

रेफरन्सच्या मोबदल्यात कमिशन मागायचं का? माझं मत ठाम आहे: नाही. पैसे घेतलेत की तुमच्या शब्दाला दलालीचा वास येतो आणि पुढच्या वेळी काका तुमचं ऐकणार नाहीत.

रेफरन्स घेताना

चोवीस तासांच्या आत फोन करा. कामात असाल तर 'शुक्रवारी करतो' एवढं तरी कळवा. फोन झाला, भेट झाली, कोटेशन दिलं, काम मिळालं किंवा नाही मिळालं, प्रत्येक टप्प्यावर ज्याने शब्द टाकला त्याला दोन ओळी पाठवा. नवे मेंबर इथेच सगळ्यात जास्त चुकतात. काम झालं नाही म्हणून संकोचून गप्प बसतात, आणि तिकडे रेफरन्स देणाऱ्याला काकांकडून कळतं की तुमच्या माणसाचा फोनच आला नाही.

काम बिघडलं तर? हा भाग कुणी शिकवत नाही आणि खरी पारख इथेच होते. त्या वॉटरप्रूफिंगवाल्या मेंबराचंच सांगतो. एका बंगल्याच्या गच्चीवर त्याने कोबा केला, पाणी तुंबवून चाचणी घेतली, सगळं कोरडं. पहिल्या मोठ्या पावसात जिन्याच्या टोपीखालच्या भिंतीला ओल आली. घरमालकाचा फोन त्याला सकाळी आला. त्याने तिकडे निघायच्या आधी रेफरन्स देणाऱ्याला फोन लावला: 'दादा, तुम्ही दिलेल्या कामात ओल आलीय. मी आत्ता निघतोय, संध्याकाळी काय ते सांगतो. तुम्हाला त्यांचा फोन आला तर माहीत असावं.' संध्याकाळी पुन्हा फोन. गच्चीच्या कडेची गोलाई जिथे भिंतीला भिडते तिथे फट राहिली होती, तो पट्टा फोडून स्वखर्चाने परत केला. त्या घरमालकाने पुढे आपल्या भावाचं कामही त्यालाच दिलं. गळती कुणाच्याही कामात होऊ शकते. शब्द टाकणाऱ्याला ती तिसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.

आपापसांतले पैसे

मेंबर आहे म्हणून सवलत मागू नका. तो आपणहून देईल तर आभार मानून घ्या. फुकट सल्ल्याचंही तेच. मीटिंगनंतर आर्किटेक्टला बाजूला घेऊन घराचा नकाशा दाखवणं म्हणजे त्याची फी बुडवणं.

बिल वेळेत द्या. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तशी तरतूद आली आहे. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. पण ग्रुपमध्ये वेळ कायद्यापर्यंत जाऊच नये. पैसे अडकले असतील तर फोन उचला आणि तारीख सांगा. फोन टाळणारा मेंबर मीटिंगमध्ये समोर बसून हसतो, तेव्हा सगळ्या टेबलावरचं वातावरण बिघडतं. आणि काम देण्याआधी, कितीही जवळचा मेंबर असो, काम, दर, मुदत आणि ॲडव्हान्स कागदावर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर झालेल्या व्यवहारांनी मोडलेल्या मैत्र्या मी बऱ्याच पाहिल्यात.

महिला मेंबरांशी वागताना

हे वेगळं लिहावं लागतंय. फॅक्टरी चालवणाऱ्या बाईंना पहिला प्रश्न 'मिस्टर काय करतात?' असा विचारू नका. पुरुष मेंबरला जे विचाराल तेच त्यांना विचारा: उत्पादन काय, माल कुठे जातो, कसलं काम हवंय. ताई म्हणा, मॅडम म्हणा, त्यांना जे चालतं ते. पण दर वेळी पाहुण्यांचा गुच्छ आणि दीपप्रज्वलनाचं तबक त्यांच्याच हातात देऊ नका. रात्री दहानंतर 'सहज' मेसेज नको. आणि असं काही घडताना दिसलं तर त्या बोलतील याची वाट न बघता आपण बोलावं.

तक्रार असेल तर

आधी त्या माणसाशी, एकट्याने, समोरासमोर. नाही सुटलं तर समितीकडे, लेखी. व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर हिशेब मांडू नका आणि पार्किंगमध्ये कुजबुजही नको. व्हॉट्सॲपचं बाकी थोडक्यात: ग्रुप ज्यासाठी आहे तेवढंच. सुप्रभात, राजकारण आणि फॉरवर्ड नकोत, अभिनंदन वैयक्तिक नंबरवर करा.

धंद्यापलीकडे

मेंबराच्या नव्या दुकानाचं उद्घाटन, दसऱ्याची यंत्रपूजा, लक्ष्मीपूजन, प्रदर्शनातला स्टॉल, अशा ठिकाणी दहा मिनिटं का होईना जाऊन या. घरात दुःखद प्रसंग झाला तर नक्की जा आणि तिथे धंद्याचा शब्दही काढू नका. तुम्ही आणलेला पाहुणा मीटिंगला आला तर त्याला दारातून आत घेऊन या, तीन-चार जणांशी ओळख करून द्या, निघेपर्यंत सोबत राहा.

सोडायची वेळ आली तर

धंद्याची दिशा बदलते, गाव बदलतं, कधी ग्रुप मानवत नाही. सोडण्यात गैर काही नाही, पण अचानक गायब होऊ नका. महिनाभर आधी समितीला कळवा म्हणजे तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी शोधता येईल. तुमच्या जागी योग्य वाटणाऱ्याचं नाव सुचवता आलं तर उत्तमच. ज्यांनी दिलेले रेफरन्स अजून अर्धवट आहेत त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून काम कुठवर आलंय ते सांगा आणि ते पूर्ण करूनच निघा. देणं असेल ते चुकवा, येणं असेल त्याची यादी समितीला माहीत असू द्या. बाहेर पडल्यावर मेंबरांची यादी घेऊन सगळ्यांना आपली नवी ऑफर पाठवायची नाही. ज्यांच्याशी खरी ओळख झालीय ते तुमचा नंबर ठेवतातच.